अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे चालते रुग्णालय

‘अ‍ॅम्ब्युलन्स’ या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये आहे. तिथे ‘अँब्युलारे’ म्हणजे चालणे. फ्रेंच सैन्यासोबत फिरणाऱ्या रुग्णालयाला हे नाव पडले. १७९० च्या दशकात डॉमिनिक लारे या शल्यचिकित्सकाने जखमींसाठी घोडागाड्या थेट रणांगणावर नेल्या. पुढे क्रिमियन युद्धाच्या सुमारास (१८५३-५६) इंग्रजीत गाडीलाच अ‍ॅम्ब्युलन्स म्हणू लागले.

आपला ‘रुग्णवाहिका’ शब्द फक्त वाहून नेणे सांगतो. मूळ अर्थ मात्र असा, की उपचारच रुग्णाकडे चालत येतात. महाराष्ट्रात २०१४ पासून धावणारी मोफत १०८ सेवा याच अर्थाची आहे. उपचार गाडीतच सुरू होतात. म्हणून यवतमाळच्या शिवारात साप चावला किंवा फवारणीत विषबाधा झाली, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. लगेच १०८ लावा.