टॉवेलवरचा गोठा

अमेरिकेत पर्यटनस्थळांचे फोटो कशावर छापतील याचा नेम नाही. कॅलेंडर, मग, उशीचे अभ्रे इथपर्यंत ठीक. पण समुद्रावर अंग पुसायच्या टॉवेलवर जुन्या शेतकऱ्यांची घरं आणि गोठे? तर हो, असे टॉवेल ऑनलाइन मिळतात. त्यातलं एक चित्र तर तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. मागे टीटन पर्वताचे बर्फाळ सुळके, पुढे गवताळ माळ आणि मधोमध उतरत्या छपराचा एकटा लाकडी गोठा.

हा गोठा वायोमिंग राज्यातला, 'मॉर्मन रो' नावाच्या वस्तीतला. समुद्र तिथून शेकडो मैल लांब!

छपाईची गंमत आधी सांगतो, धंद्याची सवय. चित्र आधी कागदावर उलटं छापतात. तो कागद टॉवेलवर ठेवून साधारण २०० अंश सेल्सिअसला दाबला की रंगाची थेट वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. थंड झाल्यावर रंग आतच अडकतो, धुतला तरी निघत नाही. सुती धाग्यात तो असा टिकत नाही, म्हणून चित्राची बाजू पॉलिएस्टरची.

आता गोठ्याकडे वळू. १८६२ साली अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. थोडी फी भरा, सरकारी जमिनीतले १६० एकर निवडा, घर बांधा, पाच वर्षं राहून जमीन कसा, मग ती तुमची. एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं आपल्याला नवीन नाही. हा त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की नुसता रुमाल टाकून भागत नसे, पाच वर्षं तिथे बसून दाखवावं लागे. या कायद्याखाली साधारण १६ लाख लोकांना जमिनी मिळाल्या. देशाच्या जवळजवळ दहा टक्के भूभाग असा वाटला गेला.

मॉर्मन रोवर १८९० च्या दशकात आयडाहोकडून मॉर्मन पंथाची कुटुंबं आली. उंची दोन हजार मीटरच्या आसपास, हिवाळा लांबलचक, पाऊस कमी. या लोकांनी माणसं आणि जनावरं जुंपून १८९६ ते १९३७ या काळात शेताशेतात पाट नेले. त्यातल्या काहींमधून आजही पाणी वाहतं. टॉवेलवरचा गोठा टी. ए. मोल्टन आणि त्यांच्या मुलांनी १९१२ च्या सुमारास सुरू केला आणि जमेल तसा वाढवत १९४५ पर्यंत नेला. आधी मधला भाग, मग वर गवताचा माळा, मग बाजूच्या पडव्या. फोटोत इतका सुबक दिसणारा तो आकार कुणी कागदावर काढलेला नाही. तीस वर्षांच्या ऐपतीचा तो हिशेब आहे.

पण रुमाल टाकला ती जागा रिकामी होती का?

शोशोनी आणि बॅनक लोक पिढ्यान्‌पिढ्या या खोऱ्यात उन्हाळ्यात शिकारीला येत. १८६८ च्या फोर्ट ब्रिजर तहात त्यांना राखीव प्रदेश नेमून दिले, आणि अमेरिकेच्या 'रिकाम्या' जमिनींवर शिकारीचा हक्क राहील असंही लिहून दिलं. १८९५ साली रेस हॉर्स या बॅनक माणसाला वायोमिंगमध्ये एल्क मारल्याबद्दल अटक झाली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वायोमिंग राज्य झालं (१८९०), तेव्हाच तो हक्क संपला. या निकालामागचा तर्क न्यायालयाने नाकारला तो थेट २०१९ साली, दुसऱ्या जमातीच्या खटल्यात. म्हणजे मोल्टन मंडळींचे पाट खणले जात होते त्याच काळात आधीच्या लोकांना कायदा बाहेर काढत होता.

आणि बसलेल्यांनाही शेवटी उठावं लागलंच. १९२७ पासून जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी एका कंपनीच्या आडून, आपलं नाव गुप्त ठेवून, खोऱ्यातल्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. हेतू राष्ट्रीय उद्यानाचा. १९४९ मध्ये त्यांनी तीस हजारांवर एकर सरकारला दान केले आणि १९५० मध्ये ग्रँड टीटन उद्यान खोऱ्यापर्यंत वाढलं. मॉर्मन रोची शेतंही हळूहळू उद्यानाने विकत घेतली. निसर्गरम्य दृश्यात घरं, कुंपणं नकोशी होती. मोल्टनांचं राहतं घर आज नाही, गोठा तेवढा उरला. पुढे वारं फिरलं आणि १९९७ साली हीच वस्ती राष्ट्रीय ऐतिहासिक यादीत गेली.

त्या फोटोत माणूस का नसतो, याचं उत्तर यात आहे. ती शांतता निसर्गाने दिलेली नाही. एकदा तहाने आणि कोर्टाने, एकदा चेकबुकाने, अशी ती दोनदा तयार केलेली आहे. मला फोटोग्राफरचा राग नाही, गोठा खरोखरच देखणा आहे. पण तो जपायचा तर त्याच्यासोबत पाट, तह आणि विक्रीचे कागदही जपायला हवेत. नाहीतर उरतं फक्त पॉलिएस्टरमधलं चित्र, आणि तेही वाळूवर पसरून जागा धरण्यापुरतं.