डाव्या बाजूचा आवाज

ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला लागलं, की दोन्ही बाजूंना वायरी, कंडेन्सर, रेझिस्टर, स्पीकरचे कागद अशी दुकानं सुरू होतात. डॉ. भडकमकर मार्ग हे त्याचं नाव पाटीवर आहे. टॅक्सीवाल्यापासून मेकॅनिकपर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होतं. १५ ऑगस्ट १९७५ ला प्रदर्शित झालेला 'शोले' तिथं पाच वर्षं चालला. सत्तर एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. जय नाणं उडवतो, ते खाली पडतं, तेव्हा प्रेक्षक आपल्याच खुर्चीखाली वाकून बघायचे, असं सांगतात. खरं-खोटं असो, पण आवाजालाही डावं-उजवं असतं, हे मुंबईच्या साध्या माणसाला त्या नाण्यानं शिकवलं.

ज्या माणसाच्या डोक्यातून हे निघालं, तो अ‍ॅलन ब्लमलाइन लंडनचा इंजिनिअर. बोलपट तेव्हा नवे होते. पडद्यावरचा माणूस एका टोकाला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून, हे त्याला खटकलं. डिसेंबर १९३१ मध्ये त्यानं पेटंटचा अर्ज केला. जून १९४२ मध्ये रडारची चाचणी घेणारं विमान कोसळून तो गेला; वय अवघं अडतीस. स्टिरिओच्या तबकड्या बाजारात यायला १९५७-५८ साल उजाडलं.

त्याच १९४२ मध्ये आपल्या मुंबईत काय चाललं होतं? ऑगस्टच्या शेवटी उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो पकडला. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवाने यांच्यावरही खटला भरला गेला, ते सुटले. नाव शिकागो, पण कंपनी इथलीच. काँग्रेसच्या सभांना कर्णे आणि अ‍ॅम्प्लिफायर पुरवणारी. गांधीजींचा आवाज मुळातच बारीक, आणि समोर लाखाचा जमाव! चळवळीच्या इतिहासात या लोखंडी पेट्यांना दोन ओळी तरी मिळायला हव्यात, असं मला नेहमी वाटतं.

या पेटीचं काम सांगायला सोपं आहे. सुईनं किंवा टेपच्या हेडनं उचललेला विजेचा प्रवाह इतका क्षीण असतो, की त्यानं स्पीकरचा कागद हलत नाही. त्या क्षीण प्रवाहाच्या तालावर मोठा प्रवाह नाचवायचा, हे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचं काम. आधी ते व्हॉल्व्ह करायचे, मग ट्रान्झिस्टर आले. सत्तरच्या दशकात परदेशी माल आणणं म्हणजे परवाना आणि जबर कस्टम. म्हणून बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ट्रान्झिस्टर आणि लॅमिंग्टन रोडचं सुटं सामान यांवर देशी स्टिरिओ उभे राहिले. आमच्या मुलुंडचा चेकनाका ओलांडला की ठाणे. तिथं मर्फीचा कारखाना होता.

अब्बांनी १९७९ मध्ये घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर असाच देशी. त्याचा डावा चॅनल गेल्या पावसाळ्यात मुका झाला. एरवी मी मनावर घेतलं नसतं. पण घरात १९८३ ची एक कॅसेट आहे. अम्मी आणि खाला जात्यावरच्या ओव्या म्हणतायत. दोन माइक दोघींपुढं ठेवले होते, त्यामुळे डावीकडे अम्मी, उजवीकडे खाला. डावा चॅनल गेला आणि अम्मी गेली! खाला एकटीच, समोर कुणी नसल्यासारखी, ओवी पुरी करते. हेडफोनवर दोघी ऐकू येतात, पण हेडफोन एकट्याचा. घर मिळून ऐकत नाही.

पाच रस्त्याजवळच्या एका तरुण दुकानदारानं सांगितलं, "आतलं सगळं काढा, तळहाताएवढा डिजिटल बोर्ड टाकतो, ब्लूटूथसकट." तो खोटं बोलत नव्हता. नव्या बोर्डाला वीज कमी लागते आणि तो तापतही नाही. दुसरा मेकॅनिक सत्तरीचा. तो म्हणाला, "सर, मग नुसती पेटी उरेल. ती शोकेसमध्ये ठेवा."

मी म्हाताऱ्याकडे गेलो. त्यानं आधी सिरीज बोर्ड काढला. त्यात साधा शंभराचा पिवळा बल्ब; आता तोही शोधावा लागतो. यंत्र बल्बमधून जोडायचं. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, भगभगीत जळत राहिला तर आत शॉर्ट. आमचा जळत राहिला. डावीकडचा एक पॉवर ट्रान्झिस्टर आरपार गेला होता. खालच्या अभ्रकाला लावलेली पेस्ट वाळून खडू झालेली, उष्णता बाहेर पडायला वाटच नव्हती. हा ट्रान्झिस्टर म्हणजे जगभर चाललेला टू-एन-३०५५. नकली ३०५५ बाजारात पुष्कळ: वरची टोपी तीच, आतली सिलिकॉनची चकती लहान. मेकॅनिकनं चारही बदलले, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या.

मग फिल्टर कंडेन्सर. अ‍ॅल्युमिनिअमच्या डब्यात पट्ट्यांची गुंडाळी आणि मधे ओलसर कागद. हा ओलावा वर्षानुवर्षं उडत जातो, आणि स्पीकरमध्ये घुंऽऽ सुरू होतं. मूळचे ४७०० मायक्रोफॅरॅडचे होते. मी उत्साहानं १०,००० चे सुचवले. त्यानं मान हलवली. कंडेन्सर मोठा, तर बटण दाबताक्षणी त्याची भूकही मोठी. तो धक्का जुन्या डायोडनी आणि ट्रान्सफॉर्मरनं सोसायचा. ४७०० चेच बसले.

दोन सुधारणा मात्र त्यानं स्वतःहून केल्या. दोन पिनांची वायर काढून अर्थिंगची तीन पिनांची घातली, आणि स्पीकरच्या वाटेवर रिले बसवला. पुन्हा एखादा ट्रान्झिस्टर गेला तर रिले वाट तोडेल आणि स्पीकर जळणार नाही. चालू करताना दोन-तीन सेकंद शांतता, मग टक् असा आवाज, आणि मगच संगीत. अब्बांच्या वेळी ही टक् नव्हती. मला ती चालते.

शेवटी प्रीसेट फिरवत मीटरवर मिलिव्होल्ट जुळवणं; यातच त्याची अख्खी दुपार गेली. ट्रान्सफॉर्मरची बारीक गुणगुण राहिलीच. "ती राहू द्या, ती जन्मापासूनची आहे," तो म्हणाला. जुने कंडेन्सर त्यानं वर्तमानपत्रात बांधून परत दिले. रविवारी खालाची नातवंडं आली, तेव्हा कॅसेट लावली. धाकट्यानं आधी उजव्या स्पीकरकडे बघितलं, मग डाव्याकडे, आणि विचारलं, "ही दुसरी कोण?"