दिव्यांग तरुणाचा दिवस कोण आखतो?

सातारा आणि सांगली हा फौजींचा मुलूख. पहिल्या महायुद्धात साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे 46 जवान कामी आले. हातपाय गमावून परतणाऱ्या जवानांसाठी 1917 मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघाले, पुढे ते खडकीला आले. तिथे हातचा धंदा शिकवत. म्हणजे दिवसाला ठरलेली वेळ असे, बरोबरीची सोबत असे आणि शिकवणारा माणूस असे. त्याच मुलखात झाडावरून पडून कंबर मोडलेला किंवा पोलिओने पाय गेलेला पोरगा मात्र ओसरीवर बसून राही. दोघांच्या दिवसांत फरक पडला तो शरीरामुळे नव्हे, व्यवस्थेमुळे. इथल्या अपंग तरुणांच्या दिनक्रमाचा इतिहास म्हणजे मुख्यतः याच फरकाचा इतिहास, असे माझे मत आहे.

पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हा त्याचा सर्वांत ठळक पुरावा. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचे शरीर लुळे पडलेला हा जवान मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून पाण्यात उतरला. इंग्लंडमध्ये डॉ. लुडविग गुटमन यांनी 1948 मध्ये मणक्याच्या दुखापतीने खिळलेल्या सैनिकांच्या स्पर्धा भरवल्या होत्या, त्यामागेही खेळ हाच उपचार, ही धारणा होती. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्यासारख्यांचे पाठबळ मिळाले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला पेटकरांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. यावर कोणी म्हणेल, एका असामान्य माणसावरून नियम कसा काढता? जिद्द त्यांचीच होती, हे खरेच. पण तरणतलाव, प्रशिक्षक आणि रोजचा सराव ही त्यांच्या एकट्याच्या जिद्दीची कमाई नव्हती. गावाकडच्या जिद्दी पोरांना यातले काहीच मिळाले नाही, म्हणून त्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एकत्र कुटुंबात कोणी रिकामे नसे. शेंगा फोडणे, हळद निवडणे, धाकट्या पोरांवर लक्ष ठेवणे अशी बैठी कामे अपंग पोरापोरींकडे असतच. ती कामे खरी होती, पण त्यांचा मोबदला त्यांच्या हातात येत नसे आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडत नसे. मुलींच्या बाबतीत तर घर हीच हद्द ठरे. याउलट, अपंगांना प्राधान्याने मिळणारे एसटीडी-पीसीओचे बूथ आठवा. हातरुंद टपरी, भिंतीवर पळणारा मीटर, पावती फाडून देणारा तरुण, आणि रात्री दर उतरले की बाहेर लागणारी रांग. कमाई बेताचीच, पण चौकात बसायला हक्काची जागा होती, सगळा गाव त्याच्याशी बोलत होता आणि गल्ल्याची किल्ली त्याच्याकडे होती. मोबाइल आला आणि बूथ गेले. त्या जागी दुसरे काय द्यायचे, याचा विचार कोणी नेटाने केला नाही. ही चूक फार महागात पडली, असे मी मानतो.

आता मोबाइलवर शिकता येते, कमावता येते, मग बाहेर जायची गरजच काय, असेही ऐकू येते. घरात राहणे ही निवड असेल तर हरकत नाही. पण बाहेर पडताच येत नसेल तर तिला निवड कसे म्हणायचे? एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे, तरी गाडीची पहिली पायरी चाकाच्या खुर्चीला आजही चढता येत नाही. वाहने सर्वांना वापरता येतील अशी करावीत, हे अपंगांसाठीच्या 1995 च्याच कायद्यात लिहिलेले होते. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी 2024 मध्ये पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्यपदक आणले, तेव्हा सांगली जिल्हाभर आनंद झाला आणि तो योग्यच होता. मात्र खिलारींचा हात अधू आहे. मैदानापर्यंत ते चालत जाऊ शकतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के निधी राखीव असतो. तो एकदाच्या वस्तुवाटपात संपवू नका. त्यातून तालुक्याच्या मैदानापर्यंत, वाचनालयापर्यंत रोज जाणारे, खुर्ची चढवायला उतरती फळी असलेले वाहन सुरू करा, आणि येत्या ग्रामसभेत हा विषय गावातल्या दिव्यांग मुलामुलींनाच मांडू द्या.