अपराध्यांची नोंदवही



माझी कन्या अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत राहते. गेल्या वर्षीं तिनें घर बदलावयाचें ठरविलें, तेव्हां एके रात्रीं तिचा दूरध्वनि आला. घर पसंत होतें, शाळा जवळ होती, भाडेंही परवडण्याजोगें होतें. परंतु एका शेजारणीनें तिला सरकारचें एक संकेतस्थळ दाखविलें होतें. त्यांत नव्या घराचा पत्ता घालतांच जवळपास राहणाऱ्या दोन इसमांचीं छायाचित्रें, नांवें आणि पूर्वींचे लैंगिक अपराध समोर आले. “बाबा, छकुलीला घेऊन ह्या घरीं जाऊं कीं नको?” असा तिचा प्रश्न होता. पस्तीस वर्षें मीं दुसऱ्यांचीं मुलें सांभाळलीं. परंतु ह्या प्रश्नाचें उत्तर मजजवळ तयार नव्हतें. तें शोधूं लागलों, तेव्हां त्या नोंदवहीचा इतिहास हातीं आला. तोच आज आपणांपुढें थोडक्यांत मांडावयाचा आहे.

ही वही प्रथम पोलिसांची होती, लोकांची नव्हती. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं शहरांनीं नियम केले कीं, गंभीर गुन्ह्याची शिक्षा झालेल्या माणसानें शहरांत राहावयास आल्यास पोलिसांकडे जाऊन आपली नोंद करावी. त्या काळीं रोख होता तो मुख्यत्वें टोळीवाल्या गुंडांवर. पुढें १९४७ सालीं कॅलिफोर्नियानें लैंगिक अपराध्यांसाठीं सबंध राज्याला लागू होणारा नोंदणीचा कायदा केला. अशा तऱ्हेचा तो त्या देशांतील पहिलाच. एखादा गुन्हा घडला म्हणजे चौकशीस प्रारंभ कोठून करावा हें पोलिसांना कळावें, एवढाच तिचा हेतु होता. वही कपाटांत राहत असे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिचा पत्ताही नसे.

ह्या पहिल्या वहीनें एक धडा तेव्हांच दिला. राज्याच्या कायद्यांत त्या काळीं प्रौढ पुरुषांचे परस्परसंमतीचे संबंधही अपराध गणले जात. त्यामुळें ज्यांनीं कोणाचेंही अहित केलें नव्हतें अशांचीं नांवेंही बालकांवर अत्याचार करणाऱ्यांच्या पंक्तीस बसलीं. तो कायदा १९७५ सालीं बदलला गेला. परंतु तोंपर्यंत कित्येकांचें आयुष्य त्या नोंदीखालीं गेलें होतें. नोंदवही ही तिच्यामागील कायद्याइतकीच शहाणी असते, हें ह्यावरून ध्यानीं यावें.

वही कपाटांतून बाहेर आली ती दोन बालकांच्या दुर्दैवामुळें. १९८९ सालीं मिनेसोटा राज्यांत जेकब वेटरलिंग नांवाच्या अकरा वर्षांच्या मुलाला भर रस्त्यांतून पळवून नेण्यांत आलें. त्याच्या आईबापांनीं धरलेल्या आग्रहामुळें १९९४ सालीं मध्यवर्ती सरकारनें कायदा केला आणि प्रत्येक राज्यास अशी वही ठेवावयास लाविलें. त्याच १९९४ सालीं, माझी कन्या आज जेथें राहते त्या न्यू जर्सींत, मेगन कँका ह्या सात वर्षांच्या मुलीचा समोरच राहणाऱ्या माणसानें घात केला. त्या माणसाला बालकांवरील अत्याचाराबद्दल पूर्वीं दोनदां शिक्षा झाली होती. ती गोष्ट मुलीच्या घरच्यांना ठाऊक नव्हती. “आम्हांला कोणी सांगितलें असतें तर!” हा त्यांचा आक्रोश देशभर ऐकूं गेला. सुमारे तीन महिन्यांतच राज्यानें शेजाऱ्यांना सूचना देण्याचा कायदा केला, आणि १९९६ सालीं तोच नियम सबंध देशाला लागू झाला. वॉशिंग्टन राज्यानें अशी सूचना देण्याचा अधिकार १९९० सालींच पोलिसांना दिला होता. परंतु लोकांच्या तोंडीं बसलें तें ‘मेगनचा कायदा’ हेंच नांव.

आतां त्या वहीचें काम कसें चालतें तें पाहूं. २००६ सालच्या मध्यवर्ती कायद्यानें अपराधाच्या गांभीर्यानुसार तीन पायऱ्या ठरविल्या. पहिल्या पायरीवरील माणसाची नोंद पंधरा वर्षें राहते व त्यानें वर्षांतून एकदां स्वतः हजर होऊन ती खरी करून द्यावयाची. दुसऱ्या पायरीवरील नोंद पंचवीस वर्षें, हजेरी दर सहा महिन्यांनीं. तिसऱ्या पायरीवरील नोंद जन्मभर, आणि हजेरी दर तीन महिन्यांनीं. घर, नोकरी किंवा शिक्षणाची जागा बदलली तर कामकाजाच्या तीन दिवसांत तसें कळविणें बंधनकारक आहे. तथापि हा नमुना सर्व राज्यांनीं सारखा उचललेला नाहीं. न्यू जर्सींत पायरी ठरते ती पुन्हां अपराध घडण्याच्या संभवावरून. तेथील पहिल्या पायरीची माहिती पोलिसांपाशींच राहते. दुसऱ्या पायरीची शाळांना व मुलांच्या संस्थांना कळविली जाते. तिसऱ्या पायरीची शेजारच्या घरोघर जाऊन दिली जाते. संकेतस्थळावर दिसतात ते तिसऱ्या पायरीचे आणि दुसऱ्यांतील कांहीं.

ह्या वह्यांत शोध घेण्याची रीत सोपी आहे. मध्यवर्ती न्यायखात्यानें २००५ सालीं एक राष्ट्रीय संकेतस्थळ उघडलें. तें स्वतःची वेगळी वही ठेवीत नाहीं. आपण नांव किंवा पत्ता घातला कीं तें राज्याराज्यांच्या वह्या चाळतें आणि सांपडलेल्या नोंदीपाशीं आपणांस नेऊन सोडतें. शुल्क नाहीं, अर्ज नाहीं. अटी मान्य केल्या कीं झालें. नांवानें शोधल्यास त्या नांवाचीं माणसें दिसतात, पत्त्यानें शोधल्यास त्याच्याभोवतीं ठराविक मैलांच्या परिघांतील. पीडिताचें नांव मात्र कोठेंही येत नाहीं, आणि ज्या अटकेचा शेवट शिक्षेंत झाला नाहीं तीही प्रसिद्ध होत नाहीं.

परंतु शोधणें सोपें असलें तरी वाचणें तितकें सोपें नाहीं. एकाच नांवाचीं अनेक माणसें असतात. म्हणून छायाचित्र, वय आणि पत्ता हीं तिन्ही जुळविल्यावांचून कोणाकडेही बोट दाखवूं नये. नोंद कोणत्या कलमाची व किती सालची हें पाहावें. पत्ता जुना असूं शकतो; शंका आल्यास पोलिसांना विचारावें. आणि ह्या माहितीचा उपयोग कोणास छळण्यासाठीं किंवा धमकावण्यासाठीं केल्यास तो स्वतंत्र अपराध होतो, असा इशारा त्या पानांवरच दिलेला असतो.

इतकी वही उघडी करणें म्हणजे शिक्षा भोगून झालेल्यास दुसरी शिक्षा देणें नव्हे काय? हा प्रश्न २००३ सालीं अलास्का राज्याच्या खटल्यांत त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढें आला. ही शिक्षा नसून लोकरक्षणाची व्यवस्था आहे, असा निर्णय बहुमतानें झाला; तीन न्यायाधीशांचें मत विरुद्ध पडलें. व्यवहारांत मात्र हा भेद पुसट होतो. नोंद झालेल्यांनीं शाळा व बागांपासून अमुक अंतरावरच राहावें असे नियम अनेक ठिकाणीं झाले. मायामी शहरांत ते इतके कडक झाले कीं, अशा माणसांची एक वस्तीच २००६ च्या सुमारास एका मोठ्या पुलाखालीं उभी राहिली व ती २०१० पर्यंत टिकली. ज्याला घर नाहीं त्याच्यावर नजर तरी कशी ठेवावी? मुलांच्या रक्षणासाठीं केलेल्या नियमानें त्या रक्षणाचीच वाट बिकट केली.

नांव नोंदणें सोपें आणि पुसणें कठीण, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. नोकरीच्या प्रारंभीं मी सोलापुरास होतों. तेथील ‘सेटलमेंट’ वस्तींतील एक वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाला शाळेंत सोडावयास येत. तारेच्या कुंपणांत रोज हजेरी द्यावी लागे, तें आपलें बालपण ते सांगत, तेव्हां त्यांचा आवाज खालीं जाई. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें सबंध जमातींचीं नांवें वहींत घातलीं होतीं. अमेरिकेच्या वहींत नांव जातें तें न्यायालयांत शाबीत झालेल्या कृत्याबद्दल. आमच्या वहींत तें केवळ जन्माबद्दल जात असे. हा भेद लहान नव्हे. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. परंतु लोकांच्या मनांतील वही अद्याप पुरती फाटलेली नाहीं.

स्वतंत्र भारतांतही २० सप्टेंबर २०१८ रोजीं लैंगिक अपराध्यांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली. ती गुन्हे नोंद विभागाकडे असून प्रारंभींच तींत सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. ती पोलिसांसाठीं आहे. तुम्हांआम्हांस ती पाहतां येत नाहीं.

आतां कन्येच्या प्रश्नाकडे वळूं. जेकब वेटरलिंगचें पुढें काय झालें हें २०१६ सालीं उघडकीस आलें. एका माणसानें कबुली दिली व मुलाचे अवशेष दाखविले. तो माणूस जवळच्याच भागांतला; परंतु १९८९ पर्यंत अशा अपराधाबद्दल त्याला शिक्षा झालेली नव्हती. म्हणजे त्या बालकाच्या नांवानें झालेली वही त्या दिवशीं अस्तित्वांत असती, तरी तींत हें नांव सांपडलें नसतें. मेगनला वहीनें कदाचित् वांचविलें असतें. जेकबला वांचविलें नसतें. अमेरिकेच्या न्यायखात्यानें २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें, पोलिसांत नोंदल्या गेलेल्या प्रकरणांतील अठरा वर्षांखालील पीडितांपैकीं शंभरांत सुमारे सातजणांवरच परक्यानें अत्याचार केला होता. बाकीचे अत्याचारी घरचे किंवा ओळखीचे होते.

म्हणून मीं तिला सांगितलें, “वही पाहा, दोन्ही चेहरे ध्यानांत ठेव, पण वही पाहिली म्हणून निर्धास्त होऊं नकोस, आणि नांव दिसलें म्हणून घाबरून पळूंही नकोस.” तिनें तें घर घेतलें. छकुलीला तिनें एकच नियम शिकविला आहे : कोणीही मोठ्या माणसानें, मग तें घरचें कां असेना, ‘हें कोणाला सांगूं नकोस’ म्हटलें, तर तेंच पहिल्यानें आईला सांगावयाचें, आणि त्याबद्दल आई कधींही रागावणार नाहीं.

आपल्याकडे वही बंद आहे, श्रोते हो. हा नियम मात्र प्रत्येक घराला आजच रात्रीं शिकवितां येईल.