पाळीव कुत्र्यांमधील अन्नविषबाधा

दूषित अन्न, शरीराला न मानवणारे खाद्यपदार्थ किंवा अखाद्य वस्तू पोटात गेल्याने कुत्र्याला होणाऱ्या विकारांना सामान्यतः अन्नविषबाधा म्हटले जाते. कुत्रा मुख्यतः वासावरून अन्न निवडतो आणि बरेचदा ते न चावताच गिळतो. शिवाय माणसाला निरुपद्रवी असलेले काही पदार्थ त्याच्या चयापचयाला झेपत नाहीत.

घातक खाद्यपदार्थ

चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. परिणामी उलट्या, हृदयाचे अनियमित ठोके व झटके येऊ शकतात. गडद चॉकलेटमध्ये त्याचे प्रमाण अधिक असते. द्राक्षे व मनुका यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. बिनसाखरेच्या च्युइंगगममधील झायलिटॉलमुळे इन्शुलिन एकाएकी स्रवून रक्तातील साखर झपाट्याने घटते. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त संयुगे तांबड्या रक्तपेशींचा नाश करतात आणि शिजवल्याने हा धोका टळत नाही. त्यामुळे भाकरी वा पोळी रश्श्यात कुस्करून कुत्र्याला घालणे सुरक्षित नाही.

दूषित अन्न

दमट हवेत साठवलेल्या मका, शेंगदाणे इत्यादींवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते. तिच्यापासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला इजा करते व नेहमीच्या शिजवण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही. कच्च्या मांसातून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होतो. तो कुत्र्याच्या विष्ठेतून व भांड्यांतून घरातील माणसांपर्यंतही पोहोचू शकतो. शेळ्यामेंढ्यांची कच्ची आतडी-काळीज खाल्ल्याने कुत्र्याला फीतकृमींची लागण होऊ शकते. त्यांपैकी एका कृमीच्या अंड्यांमुळे माणसाला हायडॅटिड रोग होतो.

२००७ मधील प्रकरण

तयार खाद्यही दूषित असू शकते, हे २००७ साली उत्तर अमेरिकेत दिसून आले. कॅनडातील मेनू फूड्स या कंपनीने १६ मार्च २००७ रोजी कुत्र्या-मांजरांच्या ओल्या खाद्याचे ६ कोटींहून अधिक डबे व पाकिटे बाजारातून परत मागवली. चीनमधून आयात केलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन आढळले. प्रथिनांचे प्रमाण नायट्रोजनवरून मोजले जात असल्याने, नायट्रोजनयुक्त मेलामाइन मिसळल्यास प्रथिने जास्त असल्याचा भास होतो. मेलामाइन व सायन्युरिक आम्ल यांच्या संयोगाने मूत्रपिंडांत स्फटिक तयार होऊन अनेक प्राणी दगावले.

खाण्याच्या सवयी

अधाशीपणे खाणे, रस्त्यावरील उष्टे-खरकटे खाणे, कचरा उकरणे आणि माती, कापड वा प्लास्टिक चघळणे या सवयी धोकादायक ठरतात. गिळलेली वस्तू आतड्यात अडकू शकते. शिजवलेल्या हाडांचे टोकदार तुकडे घशाला व अन्नमार्गाला इजा करतात. खोल छातीच्या मोठ्या जातींमध्ये जठर फुगून त्याला पीळ पडण्याचा विकार आढळतो. भराभर खाणे हे त्याचे एक कारण मानले जाते.

लक्षणे व प्रथमोपचार

उलट्या, जुलाब, लाळ गळणे, सुस्ती, तोल जाणे, फिकट किंवा पिवळसर हिरड्या व झटके ही प्रमुख लक्षणे आहेत. काही विषांची लक्षणे उशिरा दिसतात. उंदीर मारण्याच्या काही औषधांमुळे होणारा रक्तस्राव काही दिवसांनी सुरू होतो. म्हणून लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याशी संपर्क साधावा लागतो. खाल्लेल्या पदार्थाचे वेष्टन, अंदाजे प्रमाण व वेळ ही माहिती उपचारास उपयोगी पडते. पशुवैद्याच्या सल्ल्याविना मीठ-पाणी पाजून उलटी करवणे अपायकारक ठरू शकते.

प्रतिबंध

खाद्य कोरड्या जागी, घट्ट झाकणाच्या डब्यात व शक्यतो मूळ पिशवीसह ठेवल्यास गट क्रमांक व मुदत पडताळता येते. बुरशीचा वास येणारे खाद्य टाकून द्यावे लागते. ठरावीक वेळी बेताचे अन्न देणे, भांडी रोज धुणे, कचऱ्याचा डबा झाकून ठेवणे आणि आज्ञा होताच तोंडातील वस्तू सोडण्याचे शिक्षण पिल्लाला लहानपणापासून देणे, हे महत्त्वाचे प्रतिबंधक उपाय आहेत.