विद्युत परिपथ : धारा व रोध काढण्याच्या रीती

विद्युतघट, तारा आणि रोधक एकमेकांना जोडले असता कोणत्या शाखेतून किती धारा वाहते, कोणत्या दोन बिंदूंमध्ये किती विभवांतर पडते आणि अज्ञात रोधकाचे मूल्य किती, हे काढण्याच्या या रीती. या नोंदीत एकाच दिशेने वाहणारी स्थिर धारा आणि ओहमचा नियम पाळणारे रोधक यांचाच विचार केला आहे. नियम मोजून तीन. बाकी सारा हिशेब. तो चुकतो तो बहुधा आकडेमोडीत नव्हे, तर आकृती वाचताना.

पहिला नियम गेऑर्ग ओहमचा. कोलोनमधल्या शाळेत शिकवत असताना त्याने निरनिराळ्या लांबीच्या तारांतून जाणारी धारा मोजली. त्या काळच्या घटांचा दाब मोजता मोजताच ढासळायचा. म्हणून १८२६ साली त्याने तांबे आणि बिस्मथ यांचे तापयुग्म घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला की दाब तासन्‌तास स्थिर राहतो. यातून निघालेला नियम १८२७ च्या त्याच्या ग्रंथात मांडला गेला : तापमान न बदलल्यास धारा विभवांतराच्या सम प्रमाणात असते आणि विभवांतर भागिले धारा म्हणजे रोध. एक व्होल्टला एक अँपिअर धारा देणाऱ्या वाहकाचा रोध एक ओहम. जर्मनीत या कामाचे सुरुवातीला थंडेच स्वागत झाले. लंडनच्या रॉयल सोसायटीचे कोपली पदक त्याला १८४१ साली मिळाले.

एकसर जोडणीत सर्व रोधकांतून तीच धारा जाते, म्हणून रोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत सर्वांवर तेच विभवांतर असते, म्हणून रोधांच्या व्यस्तांची बेरीज होते. दोनच रोधक समांतर असतील तर गुणाकार भागिले बेरीज हे सूत्र सोयीचे पडते. तिघांना ते तसेच लावण्याचा मोह विद्यार्थ्यांना दरवर्षी होतो आणि उत्तर चुकते. समांतर जोडणीचा परिणामी रोध त्यातल्या सर्वांत लहान रोधापेक्षाही कमीच येतो, एवढी ताडून पाहायची खूण ध्यानात ठेवली तरी बऱ्याच चुका जागीच सापडतात.

कागदावर दोन रोधक शेजारीशेजारी काढले म्हणून ते समांतर होत नाहीत. दोघांचीही टोके त्याच दोन बिंदूंना मिळायला हवीत. रोध नसलेली तार कितीही वळणे घेत गेली तरी तिच्यावरचे सर्व बिंदू विद्युतदृष्ट्या एकच. त्यामुळे गुंतागुंतीची आकृती दिसली की अशा प्रत्येक तारेला एक अक्षर द्यावे आणि अक्षरांवरून आकृती नव्याने काढावी. पुष्कळदा निम्मे काम तिथेच उरकते.

उदाहरणार्थ, १२ व्होल्टच्या बॅटरीला २ ओहमचा रोधक आणि त्याच्या पुढे ६ व ३ ओहमची समांतर जोडी लावली आहे. जोडीचा रोध १८ भागिले ९, म्हणजे २ ओहम; एकूण ४ ओहम; बॅटरीतून धारा ३ अँपिअर. पहिल्या रोधकावर ६ व्होल्ट खर्ची पडतात, उरलेले ६ जोडीवर. म्हणून ६ ओहममधून १ आणि ३ ओहममधून २ अँपिअर. आत शिरताना रोध एकवटत जायचे आणि परत येताना धारा वाटत यायचे, असा हा प्रवास.

वायरमनच्या सिरीज बोर्डावर हेच गणित उघड्या डोळ्यांनी दिसते. २३० व्होल्टवर चालणाऱ्या १०० वॅटच्या तापदिव्याचा रोध ५२९ ओहम, तर ४० वॅटच्या दिव्याचा सुमारे १,३२२ ओहम. दोघे एकसर लावले तर धारा एकच, म्हणून जास्त रोधाचा ४० वॅटचा दिवा उजळ पेटतो आणि १०० वॅटचा जेमतेम तांबूस दिसतो. प्रत्यक्षात हा फरक हिशेबापेक्षाही अधिक असतो. थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो, आणि मोठा दिवा पुरेसा तापतच नाही.

सर्वच परिपथ असे एकवटत नाहीत. तिथे गुस्टाफ किरचॉफचे दोन नियम कामी येतात. ते त्याने १८४५ साली, क्योनिग्सबर्ग येथे विद्यार्थी असताना मांडले. कोणत्याही सांध्यात येणारी एकूण धारा तिथून जाणाऱ्या धारेइतकीच असते. कोणत्याही बंद वाटेने फिरून मूळ जागी आल्यावर विभवातील चढउतारांची बेरीज शून्य होते. पहिला नियम विद्युतभार टिकून राहण्याचा, दुसरा ऊर्जेचा.

अ बिंदू १४ व्होल्टवर आणि ड शून्यावर धरू. अ-ब दरम्यान २, ब-ड दरम्यान ४, अ-क दरम्यान ४, क-ड दरम्यान २ आणि मध्ये ब-क जोडणारा २ ओहमचा रोधक. यात एकही जोडी एकसर नाही, एकही समांतर नाही. शाखाशाखांच्या धारा अज्ञात मानल्या तर समीकरणांचे जंगल होते. त्यापेक्षा ब आणि क यांचे विभव हेच अज्ञात धरावेत, समीकरणे दोनच उरतात. ब सांध्यावरून मिळते : पाच ब वजा दोन क बरोबर २८. क सांध्यावरून : पाच क वजा दोन ब बरोबर १४. यातून ब ८ व्होल्ट आणि क ६ व्होल्ट. मग धारा तोंडी निघतात : अ-ब मधून ३, अ-क मधून २, मधल्या रोधकातून ब कडून क कडे १, ब-ड मधून २ आणि क-ड मधून ३ अँपिअर. बॅटरी ५ अँपिअर देते, म्हणून परिणामी रोध १४ भागिले ५, म्हणजे २.८ ओहम. पडताळा शक्तीवरून घ्यावा : बॅटरी ७० वॅट देते, आणि पाचही रोधकांतली उष्णता १८, १६, १६, १८ व २ वॅट, म्हणजे तेवढीच भरते.

धारेची दिशा आधी कोणतीही मानली तरी चालते; उलटी ठरली तर उत्तर ऋण येते. त्याला घाबरून मध्येच चिन्ह बदलणे हीच खरी चूक. ६ व्होल्टची चांगली आणि ४ व्होल्टपर्यंत उतरलेली बॅटरी, दोघींचा अंतर्गत रोध १ ओहम, समांतर जोडून ४.५ ओहमचा रोधक चालवला तर चांगली १.५ अँपिअर देते आणि उतरलेलीची धारा उणे ०.५ येते. म्हणजे ती मदत तर करत नाहीच, उलट चांगलीकडूनच भार घेते. नव्या-जुन्या बॅटऱ्या अशा एकत्र जोडू नयेत, यामागचे कारण हेच.

वरच्या पाच रोधकांच्या जोडणीत मधली धारा शून्य झाली तर ब आणि क समविभव होतात, आणि चार बाहूंच्या रोधांचे प्रमाण जुळते. हाच व्हीटस्टन ब्रिज. मांडणी मुळात सॅम्युएल हंटर ख्रिस्टी याची, १८३३ सालची. चार्ल्स व्हीटस्टनने १८४३ साली ती लोकांपुढे आणताना श्रेय ख्रिस्टीला दिले होते. नाव मात्र व्हीटस्टनचेच चिकटले. प्रयोगशाळेतला मीटर ब्रिज हे त्याचे साधे रूप. त्यात एक मीटर लांबीची एकसारख्या जाडीची तार दोन बाहूंचे काम करते. डाव्या फटीत अज्ञात रोधक, उजव्या फटीत ६ ओहम आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा ४० सेंटिमीटरवर शून्य झाला तर अज्ञात रोध ६ गुणिले ४० भागिले ६०, म्हणजे ४ ओहम. जॉकी, म्हणजे तारेला स्पर्श करणारी सरकती कळ, तारेवर टेकवायची, घासत न्यायची नाही. घासून तार जागोजागी बारीक झाली की लांबी आणि रोध यांचे प्रमाण बिघडते. मग दोन्ही रोधकांच्या जागा बदलून पुन्हा वाचन घ्यावे आणि सरासरी काढावी. टोकांच्या पट्ट्यांमुळे येणारी त्रुटी त्यामुळे बरीचशी निघून जाते. ही रीत अचूक ठरते, कारण शून्य दाखवणाऱ्या काट्याला मोजमापाचे अंशांकन लागत नाही आणि बॅटरीचा दाब थोडा हलला तरी निकाल बदलत नाही.

जमिनीखालच्या केबलमधला दोष शोधण्याची मरे लूप चाचणी याच तत्त्वावर बेतलेली आहे. दोषी तारेचे दूरचे टोक त्याच लांबीच्या व जाडीच्या चांगल्या तारेला जोडतात आणि अलीकडच्या टोकांना दोन बदलते रोधक लावून ब्रिज तोलतात. ३ किलोमीटर लांबीच्या केबलवर दोषी बाजूचा रोधक १ आणि दुसरा ३ या प्रमाणात आला, तर ६ किलोमीटरच्या लूपचा चौथा हिस्सा धरून खड्डा दीड किलोमीटरवर खणायचा.