एका बोटाची दोन कामे

दिवाळीत टिकल्यांचे पिस्तूल ज्या घरात फुटत नाही, असे मुलांचे घर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पोर चाप ओढते, मागचा चिमुकला घोडा उठतो आणि आदळतो, टिकली फुटते, आणि माजघरात कुणीतरी दचकते. या पत्र्याच्या खेळण्यात गेल्या पावणेदोनशे वर्षांतला एक मोठा वाद दडलेला आहे, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. तो वाद आहे रिव्हॉल्व्हरच्या चापाचा. हे हत्यार आपण पाहतो ते फौजदारसाहेबांच्या कमरेला किंवा चित्रपटात. ते वापरण्याची वेळ वाचकांपैकी कुणावर न येवो! पण त्याची हकिकत मात्र ऐकण्याजोगी आहे. कारण ती लोखंडाची कमी आणि माणसाच्या मनाची अधिक आहे.

प्रथम दोन शब्दांचा खुलासा करतो. ज्यावर बोट ठेवतात तो चाप, आणि जो मागून येऊन काडतुसावर आदळतो तो घोडा. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये दर बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढून अडकवावा लागे. त्याबरोबर काडतुसांचे चक्र एक घर पुढे सरके. मग चाप किंचित दाबला की घोडा सुटे. म्हणजे अंगठ्याचे एक काम आणि बोटाचे एक. पुढे अशी रचना निघाली की, नुसता चाप ओढत नेला तर त्याच ओढीने चक्र फिरावे, घोडा उठावा आणि तोच सुटूनही जावा. इंग्रज याला ‘डबल अ‍ॅक्शन’ म्हणतात. आपण त्याला दुहेरी चाप म्हणू.

आता वरवर पाहता यात बिघडले काय? दोन कामांचे एक झाले, वेळ वाचला. पण तो वाचलेला वेळ कसला होता, हाच सारा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या सॅम्युएल कोल्टने १८३६ साली आपल्या देशात रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. त्याआधी ठासणीच्या पिस्तुलात एक बार काढला की पुन्हा दारू, गोळी, गज असा सारा खटाटोप करावा लागे. कोल्टने फिरत्या चक्रात पाच-सहा बार एकदम भरून ठेवण्याची सोय व्यवहारात आणली. त्याचा घोडा मात्र अंगठ्यानेच ओढावा लागे. १८५१ साली लंडनला जे थोर जागतिक प्रदर्शन भरले, त्यात कोल्टने आपली रिव्हॉल्व्हरे हौसेने मांडली. पण तेथेच रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाचा एक इंग्रज कारागीरही आपले रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता. त्याच्या घोड्याला अंगठा टेकवायला जागाच नव्हती. चाप ओढा, बार काढा. पुन्हा ओढा, पुन्हा काढा.

झाले, वादाला तोंड फुटले. कोल्टचे म्हणणे असे की, घोडा आधी चढवून ठेवला म्हणजे चाप हलका होतो आणि नेम ढळत नाही. लांब व जड चाप ओढताना हात हलणारच. अ‍ॅडम्सचे म्हणणे असे की, शत्रू अंगावर येऊन ठेपल्यावर अंगठ्याशी खेळत बसायला फुरसत कुणाला? कोल्टच्या ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हरमध्ये सहा बार होते, नळी साडेसात इंच लांब होती, पण गोळी बारीक होती. अ‍ॅडम्सच्या हत्यारात बार पाचच. पण गोळी जाड, आणि सांगाडा अखंड व मजबूत. खरे सांगायचे तर दोघांचेही म्हणणे बरोबर होते. ते दोघे दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते, इतकेच.

क्रिमियाचे युद्ध पाहून आलेल्या फ्रेडरिक बोमाँट या इंजिनियर पलटणीतल्या तरुण अधिकाऱ्याने १८५६ साली या भांडणात तडजोड काढली. त्याने अ‍ॅडम्सच्या यंत्रात अशी सुधारणा केली की, सवड असेल तर अंगठ्याने घोडा चढवावा आणि नेम धरून चाप दाबावा. सवड नसेल तर सरळ चाप ओढावा. ब्रिटिश सैन्याने ही रचना त्याच वर्षी स्वीकारली. आजचे सर्वसाधारण दुहेरी चापाचे रिव्हॉल्व्हर याच तडजोडीचे वंशज आहे.

यानंतर वर्षभरातच आपल्याकडे सत्तावनचा वणवा पेटला, आणि लंडनच्या प्रदर्शनातल्या वादाची परीक्षा हिंदुस्थानच्या भूमीवर झाली. जॉर्ज फॉस्बेरी नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्या काळची एक हकिकत पुढे एका व्याख्यानात सांगितली. प्रत्यक्ष पाहणाऱ्याकडून आपण ती ऐकली, असे तो म्हणतो. आपल्या नेमबाजीचा विशेष अभिमान बाळगणाऱ्या एका गोऱ्या अधिकाऱ्यावर एक धिप्पाड शिपाई तलवार उपसून चालून आला. अधिकाऱ्याच्या हाती कोल्टचे ‘नेव्ही’ होते. त्याने सहाही बार काढले, आणि परिणाम काय झाला ते पाहायला क्षणभर थांबला. त्या एका क्षणात शिपायाची तलवार त्याच्या मस्तकातून दातांपर्यंत उतरली, आणि मग तो शिपाईही त्याच्या शेजारी कोसळून मेला. सहापैकी पाच गोळ्या शिपायाच्या छातीत जवळजवळ लागल्या होत्या आणि पाठीतून पार निघून गेल्या होत्या.

फॉस्बेरीने ही गोष्ट बारीक गोळीचा दोष दाखवण्यासाठी सांगितली. मला तिच्यात आणखी काही दिसते. त्या अधिकाऱ्याचा नेम चुकला नव्हता. निशाणाच्या फळीवर त्याला शंभरपैकी ऐंशीच्या वर गुण मिळाले असते. पण समोर फळी नव्हती, माणूस होता. आणि पाच गोळ्या छातीत घेऊनही हातचे काम पुरे करण्याचा निर्धार त्या माणसाच्या ठायी होता. हकिकतीत त्याचे नाव नाही. हत्यारांच्या इतिहासात मात्र त्या अनामिक शिपायाने एक धडा कायमचा लिहून ठेवला: मैदानात जे उत्तम ते रणात उत्तम असेलच असे नाही.

या धड्यातूनच पुढे रिव्हॉल्व्हरच्या तीन वाटा झाल्या. एक अंगावर बाळगण्याचे, दुसरे रानावनात नेण्याचे, आणि तिसरे निशाणाच्या मैदानावरचे.

अंगावर बाळगायचे हत्यार आधी लहान हवे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कारखान्याने १८७२ साली ‘ब्रिटिश बुलडॉग’ काढले. त्याची नळी अडीच इंचांच्या आसपास असल्यामुळे ते कोटाच्या खिशात मावे. पण खिशातून घाईने काढताना घोड्याचे टोक कापडात अडकते, ही अडचण उरलीच. म्हणून १९३८ साली ब्रिटिशांनी रणगाड्यातल्या सैनिकांसाठी एन्फील्ड रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचे ते टोकच छाटून टाकले. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० साली पाच बारांचे ‘चीफ्स स्पेशल’ काढले. नळी सुमारे दोन इंच, वजन साडेपाचशे ग्रॅमच्या घरात. दोन वर्षांनी तिने घोडा पूर्णपणे आत झाकलेले ‘सेंटेनियल’ही काढले. म्हणजे शंभर वर्षांनी पुन्हा अ‍ॅडम्सच्या मताचा जय झाला!

पण लहान होण्याची किंमत मोजावी लागतेच. दुहेरी चापाची ओढ साधारणपणे साडेचार ते साडेपाच किलोंची असते. अर्ध्या किलोच्या वस्तूवर एका बोटाने पाच किलोंचा जोर लावायचा, म्हणजे ती वस्तू हातात डुलणारच. शिवाय हत्यार जितके हलके, तितका त्याचा धक्का तळहाताला अधिक. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे सुमारे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीत २०१२ साली घडलेल्या अमानुष प्रकाराची वेदना त्या नावामागे होती. पिशवीत ते सहज मावते. पण पिशवीत मावणे निराळे आणि संकटाच्या क्षणी हातात स्थिर राहणे निराळे. निर्भीकपणा कारखान्यात घडवता येत नाही.

दुसरी वाट रानाची. येथे घाई असते, पण समोर माणूस नसून जनावर असते. अमेरिकेच्या आयडाहो प्रांतातला गुरे राखणारा, शिकारी आणि लेखक एल्मर कीथ याने वर्षानुवर्षे भारी काडतुसांचा ध्यास घेतला, आणि १९५५च्या अखेरीस ‘.४४ मॅग्नम’ अवतरले. ते झाडणारे स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर सव्वा किलोहून जड होते. अस्वलांच्या मुलखात फिरणाऱ्याला ते वजन परवडते, कारण तेच वजन धक्का सोसते. उलट मासे धरायला किंवा तंबू ठोकून राहायला जाणाऱ्यांसाठी त्याच कंपनीने १९३०नंतरच्या दशकात ‘.२२’ची चिमुकली ‘किट गन’ काढली होती. सामानाच्या पेटीत टाकली की काम भागले. म्हणजे रानाचेही दोन प्रकार झाले! आणि गंमत अशी की, यलोस्टोनच्या अभयारण्यातले अधिकारी प्रवाशांना आज सांगतात ते अस्वलासाठी तिखटाचा फवारा जवळ ठेवण्यास.

तिसरी वाट मैदानाची. येथे कुणी अंगावर येत नाही. आपला वैरी आपलाच हात. म्हणून येथे लांब नळी, अंगचे वजन आणि बारीक दृष्टीची माशी यांचे महत्त्व. कोल्ट कंपनीने १९५५ साली काढलेले ‘पायथन’ आपल्या गुळगुळीत चापाबद्दल नावाजले गेले. संथ नेमबाजीत घोडा अंगठ्याने आधी चढवतात. मग दीड किलोच्या आतबाहेरची ओढ पुरते. येथे कोल्टचे म्हणणे खरे ठरते. पण त्यालाही अपवाद निघाला. एड मॅकगिव्हर्न या अमेरिकन नेमबाजाने १९३२ साली दुहेरी चापानेच पंधरा फुटांवरून पाच गोळ्या ०.४५ सेकंदात अशा मारल्या की, त्यांची सारी छिद्रे अर्ध्या डॉलरच्या नाण्याखाली झाकावीत. १९९९ साली जेरी मिक्युलेकने सहा बार काढून, पुन्हा भरून, आणखी सहा बार काढले ते २.९९ सेकंदांत. जड चापाने हात हलतो हे खरे; पण वर्षानुवर्षांच्या तालमीपुढे लोखंडही नमते.

मग या तिघांत श्रेष्ठ कोणते? बाजारात जाणारा मनुष्य हाच प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्नच अपुरा आहे. आधी विचारावे, भय कशाचे आहे? शत्रूचे, श्वापदाचे, की आपल्याच थरथरत्या हाताचे? तिन्ही भयांवर एकच उतारा शोधणाऱ्याला तिन्हींत मध्यम असे काहीतरी मिळते. चार इंच नळीचे, किलोभर वजनाचे रिव्हॉल्व्हर अमेरिकन पोलिसांनी इतकी वर्षे बाळगले ते याच हिशेबाने.

आणि या पोलिसांच्याच इतिहासात मला या साऱ्या कथेचे मर्म सापडते. बोमाँटने दिलेली सवड, म्हणजे घोडा आधी चढवून ठेवण्याची सोय, शहरात घातक ठरली. घोडा चढवून माणसासमोर उभे राहिले की दीड किलोचा चाप नुसत्या दचकण्यानेही सुटतो. म्हणून लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्क येथील पोलीस खात्यांनी आपल्या रिव्हॉल्व्हरांतून ती सोयच काढून टाकवली. यापुढे दर बाराला लांब, जड, दुहेरी ओढच. पुढे १९९३ साली न्यूयॉर्कच्या पोलिसांत रिव्हॉल्व्हर जाऊन नव्या तऱ्हेची, अधिक काडतुसांची पिस्तुले येऊ लागली. त्यांचा चाप मुळात हलका. तेव्हा खात्याने काय मागितले असेल? चाप जड करणारी कमान! त्या कमानीला ‘न्यूयॉर्क ट्रिगर’ असेच नाव पडले.

१८५१ साली अ‍ॅडम्सने अंगठ्याचे काम काढून टाकले, त्यासोबत घोडा चढवणे आणि बार काढणे यांच्यामधली विचाराची एक फटही नाहीशी झाली. पण ती फट माणसाला सोडवेना. अंगठ्यातून गेली ती बोटाच्या त्या पाच किलोंत जाऊन बसली. नेमबाज ज्या जडपणाला दोष म्हणतो, तोच जडपणा कुणाचा तरी जीव वाचवणारा शेवटचा अडसर असतो. चाप हलका करण्याची विद्या माणसाला केव्हाच साधली आहे. तो कोठे हलका करू नये, हे ठरवण्याची विद्या मात्र यंत्रात बसवता येत नाही. ती ज्याच्या त्याच्यापाशीच असावी लागते.